नेट ‘स्लो’ आहे, पण नक्की कुठे? पॅकेट कॅप्चर करून वेळेचा हिशोब लावायची पद्धत

भोसरीच्या एका वर्कशॉपमधली गोष्ट. बिल ‘सेव्ह’ केलं की स्क्रीन पाच सेकंद गोठायची. मालकांनी नेटवाल्याला झापलं, ५० एमबीपीएसचा प्लॅन १०० वर नेला, राउटर नवा घेतला. तरी पाच सेकंद ते पाच सेकंदच. स्पीड टेस्ट उत्तम यायची, त्यामुळे नेटवाला सॉफ्टवेअरवाल्याकडे बोट दाखवायचा आणि सॉफ्टवेअरवाला नेटवाल्याकडे. मी तिथे नवखा होतो. कोणीतरी ‘वायरशार्क लावून बघ’ म्हणालं. नेटवर्कवरून डेटा छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत जातो; ती पॅकेट पकडून (‘कॅप्चर’ करून) दाखवणारं हे सॉफ्टवेअर. मी लावला, आणि रंगीत ओळींचा धबधबा बघून तासाभरात बंद केला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो, तेव्हा कारण सापडायला दहा मिनिटं लागली. काही महिन्यांपूर्वी लाइन बदलली होती, पण लिनक्स सर्व्हरमध्ये पहिला डीएनएस (नाव विचारलं की त्याचा आयपी पत्ता सांगणारा सर्व्हर) जुन्या लाइनचाच राहिला होता. तो आता उत्तर देत नव्हता. सर्व्हर प्रत्येक वेळी त्याला नाव विचारायचा, ५ सेकंद वाट बघायचा आणि मग दुसऱ्या डीएनएसकडे जायचा. लिनक्समध्ये ही वाट बघायची मुदत मुळातच ५ सेकंदांची असते. म्हणजे चूक नेटवाल्याची नव्हती आणि सॉफ्टवेअरवाल्याचीही नव्हती. ती आमचीच होती.

पॅकेट कॅप्चरने ‘स्पीड’ मोजायचा नसतो, हे मला तेव्हा कळलं. त्याने मोजायची ती दोन पॅकेटांमधली शांतता: कोण बोललं, कोण गप्प बसलं आणि किती वेळ. खालच्या सगळ्या पायऱ्या तेवढ्यासाठीच आहेत.

आज्ञा आणि फिल्टर मी उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाका.

## आधी हे जमवा

- वायरशार्क. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. १९९८ मध्ये जेरल्ड कोम्ब्स यांनी ते ‘इथरिअल’ नावाने आणलं, २००६ पासून नाव वायरशार्क. जुन्या नोट्समध्ये इथरिअल दिसलं तर गोंधळू नका.
- विंडोजवर एनपीकॅप, पॅकेट पकडू देणारा ड्रायव्हर. वायरशार्कच्या इन्स्टॉलरमध्येच येतं. तो टप्पा ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करताना वगळलात तर इंटरफेसची (नेटवर्क कार्ड, वाय-फाय अशा जोडण्यांची) यादी रिकामी दिसेल.
- सर्व्हरसाठी टीसीपीडम्प, आज्ञा टाइप करून पॅकेट पकडणारं साधन. मॅकवर आधीपासून असतं, लिनक्सवर नसेल तर एका आज्ञेत बसतं. सर्व्हरवर खिडक्या-बटणांचं वायरशार्क चालवायची गरज नाही. तिथे फक्त पकडा, फाईल आपल्या लॅपटॉपवर आणा, इथे वाचा.
- आयपर्फ ३. पाइपची, म्हणजे लाइनची, क्षमता वेगळी तपासायला. पोर्ट ५२०१ (मशीनवरच्या सेवेचा दरवाजा-क्रमांक) उघडा लागतो.
- अ‍ॅडमिन अधिकार. लिनक्सवर स्वतःला ‘वायरशार्क’ नावाच्या ग्रुपमध्ये घाला आणि मग लॉगआउट करून परत या. हे परत येणं विसरून माझी एक दुपार गेली आहे.
- लेखी परवानगी. याबद्दल पायरी २ मध्ये.
- कागद आणि पेन. थट्टा नाही. कॅप्चर चालू असताना ‘११:४२:१० ला बटण दाबलं, ११:४२:१६ ला स्क्रीन आली’ अशी नोंद नसेल, तर पुढे लाखभर ओळींत कुठे बघायचं हे देवालाही सांगता येणार नाही.

## पायरी १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

‘नेट स्लो आहे’ हा प्रश्न नाही. ‘हिशोब विभागातल्या मशीनवरून सकाळी दहा ते अकरा या वेळात बिल सेव्ह व्हायला पाच सेकंद लागतात, इतर वेळी अर्धा सेकंद’ हा प्रश्न आहे. कोणतं मशीन, कोणता सर्व्हर, कोणती कृती, कधी, आणि चांगलं चालतं तेव्हा किती वेळ लागतो.

शेवटचं सगळे विसरतात. चांगल्या अवस्थेतलं एक कॅप्चर आधीच घेऊन ठेवा. तब्येत चांगली असताना काढलेला ईसीजी पुढे डॉक्टरला उपयोगी पडतो, तसं.

## पायरी २ : परवानगी घ्या, नंतर नाही, आधी

कॅप्चरमध्ये फक्त वेळा येत नाहीत. कोण कोणत्या साइटवर गेलं ते येतं. जुन्या, कूटबद्ध नसलेल्या प्रोटोकॉलवर पासवर्डसुद्धा जसाच्या तसा येतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमधून डेटा उतरवून घेणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये बसतं. अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ लागू होतं. घरचं नेट, स्वतःचा सर्व्हर असेल तर बेलाशक. ऑफिसमध्ये मॅनेजरचा एक ओळीचा ईमेल पुरतो, पण तो असू द्या. कॅफेच्या वाय-फायवर सराव करू नका.

## पायरी ३ : कुठे बसून पकडायचं ते ठरवा

नवख्यांची सगळ्यात मोठी फसगत इथे होते. ‘माझ्या लॅपटॉपवर वायरशार्क लावलं की ऑफिसचं सगळं ट्रॅफिक दिसेल’ ही कल्पना हबच्या (आलेलं पॅकेट सगळ्यांना वाटणाऱ्या जुन्या डब्याच्या) जमान्यातली. आजचा स्विच प्रत्येकाचं पॅकेट त्याच्याच पोर्टला (इथे पोर्ट म्हणजे तार लावायची खाच) देतो. तुम्हाला दिसेल ते तुमचं स्वतःचं आणि थोडा ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना उद्देशून पाठवलेल्या पॅकेटांचा) गलका.

पर्याय तीन.

ज्याची तक्रार आहे त्याच्याच मशीनवर पकडा. सुरुवात नेहमी इथून करावी, कारण त्रास त्याला होतोय आणि घड्याळ त्याच्या बाजूने चालतंय.

सर्व्हरवर पकडा. क्लायंटकडचं (सर्व्हरला प्रश्न विचारणाऱ्या मशीनवरचं) बघून ‘उत्तर उशिरा आलं’ एवढंच कळलं असेल, तर उशीर वाटेत झाला की सर्व्हरच्या पोटात, हे इथे पक्कं होतं.

स्विचवर पोर्ट मिररिंग लावा. मॅनेज्ड स्विचमध्ये ही सोय असते. एका पोर्टची प्रत दुसऱ्या पोर्टवर पाठवता येते. प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरी यंत्र, सीसीटीव्हीचा डीव्हीआर अशा गोष्टींवर वायरशार्क बसत नाही, तिथे हाच मार्ग. एक लक्षात ठेवा: १ गिगाबिटच्या पोर्टची जाणारी आणि येणारी अशी दोन्ही वाहतूक मिळून २ गिगाबिट होऊ शकते आणि मिरर पोर्ट असतो १ गिगाबिटचाच. जास्तीची पॅकेट मुकाट्याने गळतात आणि तुम्ही नेटवर्कला दोष देत बसता.

इंटरफेस निवडतानाही नजर ठेवा. व्हीपीएन चालू असेल तर खऱ्या नेटवर्क कार्डावर फक्त कूटबद्ध गाठोडी दिसतात. आतलं संभाषण हवं असेल तर व्हीपीएनचा स्वतःचा इंटरफेस निवडा. सॉफ्टवेअर आणि डेटाबेस एकाच मशीनवर असतील तर लूपबॅक, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा इंटरफेस. वायरशार्कच्या पहिल्या पडद्यावर प्रत्येक इंटरफेससमोर छोटी नागमोडी रेघ असते. जी हलतेय तिथे जीव आहे. विंडोजवर वाय-फाय निवडल्यावर काहीच येत नसेल तर पर्यायांमध्ये जाऊन ‘प्रॉमिस्क्युअस मोड’ची खूण काढून बघा.

## पायरी ४ : पकडा, पण मोजकं

वायरशार्कमध्ये दोन प्रकारचे फिल्टर आहेत आणि दोघांची भाषा वेगळी आहे. पकडतानाचा कॅप्चर फिल्टर ‘होस्ट १९२.१६८.१.१०’ असा लिहितात. पकडून झाल्यावरचा डिस्प्ले फिल्टर ‘आयपी डॉट अ‍ॅडर == १९२.१६८.१.१०’ असा. एकाचं वाक्य दुसऱ्याच्या चौकटीत टाकलं की चौकट लाल होते. डिस्प्ले फिल्टरने लपवलेलं परत दिसतं; कॅप्चर फिल्टरने वगळलेलं कायमचं गेलं.

म्हणून कॅप्चर फिल्टर सैल ठेवा. भोसरीला मी पहिल्या दिवशी फक्त डेटाबेस सर्व्हरचा पत्ता फिल्टरमध्ये टाकला होता. डीएनएसची पॅकेट दुसऱ्या पत्त्यावर जात होती. चोर दारातून जात होता आणि मी खिडकीवर पहारा देत होतो. सर्व्हरचा पत्ता घालायचाच असेल तर ‘ऑर पोर्ट ५३’ (डीएनएसचा पोर्ट) एवढं तरी जोडा.

टीसीपीडम्प वापरताना चार गोष्टी पुरतात: ‘मायनस आय’ पुढे इंटरफेसचं नाव, ‘मायनस एन’ म्हणजे आयपीचं नावात रूपांतर करू नको, ‘मायनस डब्ल्यू’ पुढे फाईलचं नाव, आणि गरज असेल तर ‘मायनस एस’ पुढे प्रत्येक पॅकेटचे किती बाइट ठेवायचे तो आकडा. फाईलमध्ये न लिहिता पॅकेट थेट पडद्यावर बघत असाल तर ‘मायनस एन’ विसरू नका. नाही तर टीसीपीडम्प स्वतःच डीएनएसला प्रश्न विचारत बसतं आणि तुमच्याच कॅप्चरमध्ये तुमचाच कचरा येतो.

फाईलचा आकार आधी मोजून घ्या. १०० एमबीपीएसची लाइन भरून वाहत असेल तर मिनिटाला ७५० एमबी होतात. वेळेचा हिशोब लावायला मजकूर लागत नाही, फक्त वरचे हेडर (पॅकेटवरचा पत्ता-क्रमांकांचा भाग) पुरतात. ‘मायनस एस १२८’ दिलंत तर तीच फाईल सत्तर एमबीच्या आसपास येते, आणि लोकांचा खासगी मजकूरही बराचसा आपोआप वगळला जातो. तोटा एवढाच की लांबलचक डीएनएस उत्तरं आणि टीएलएसमधली (कूटबद्ध जोडणीतली) साइटची नावं मध्येच कापली जातात.

‘कधीतरी होतं’ अशी तक्रार असेल तर तासन्‌तास पहारा द्यावा लागतो. वायरशार्कच्या कॅप्चर ऑप्शन्समध्ये ‘आउटपुट’ टॅबवर रिंग बफर आहे. १०० एमबीच्या १० फाईल सांगा. अकरावी सुरू झाली की सगळ्यात जुनी पुसली जाते. डिस्क भरत नाही. मात्र अडचण आली की लगेच थांबवायला कोणीतरी हवं, नाहीतर पुरावा पुसला जाईल. हिशोब विभागातल्या ताईंना ‘स्क्रीन अडकली की मला मिस्ड कॉल द्या’ सांगून ठेवणं हा माझा अनुभवसिद्ध उपाय.

थांबवल्यावर टीसीपीडम्प तीन ओळी छापतं. ‘ड्रॉप्ड बाय कर्नल’समोर शून्य नसेल तर ते कॅप्चर अर्धवट आहे. त्यावरून गळतीचा निष्कर्ष काढू नका, पुन्हा पकडा.

आणि एक आग्रहाचं सांगणं: आधी कॅप्चर सुरू करा, मग सॉफ्टवेअर उघडा. उलट केलंत तर कनेक्शनची सुरुवातीची तीन पॅकेट हुकतात. ती का मोलाची, ते पायरी ६ आणि ९ मध्ये कळेल.

## पायरी ५ : फाईल उघडल्यावर लगेच ओळी वाचू नका

आधी वेळेचा रकाना बदला. ‘व्ह्यू’ मेनूत ‘टाइम डिस्प्ले फॉरमॅट’, त्यात ‘आधीच्या दिसणाऱ्या पॅकेटपासून किती सेकंद’ हा पर्याय. आता प्रत्येक ओळीसमोर शांततेचा आकडा दिसतो.

मग ‘स्टॅटिस्टिक्स’मध्ये ‘कॉन्व्हर्सेशन्स’ उघडा, टीसीपी (पोच घेत घेत डेटा पाठवायची पद्धत) टॅबवर जा, बाइटनुसार किंवा कालावधीनुसार लावा. हवं ते संभाषण सापडलं की त्यातल्या एका पॅकेटवर उजवी टिचकी, ‘फॉलो’, ‘टीसीपी स्ट्रीम’. उघडलेली खिडकी बंद करा. फिल्टर लागलेला राहतो आणि फक्त ते एक संभाषण उरतं. लाखभर ओळींच्या शंभर होतात. घाबरून बंद करण्याची वेळ माझ्यावर आली कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

डीएनएस मात्र वेगळं तपासा. डिस्प्ले फिल्टरमध्ये ‘डीएनएस डॉट टाइम > ०.५’ टाका, अर्ध्या सेकंदापेक्षा उशिरा आलेली उत्तरं समोर येतील. मुळीच न आलेली उत्तरं यात दिसत नाहीत, हा सापळा. त्यासाठी नुसतं ‘डीएनएस’ टाकून तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातोय का ते डोळ्यांनी बघा.

## पायरी ६ : एक खेप किती वेळाची, ते काढा

टीसीपी कनेक्शन तीन पॅकेटांनी जुळतं: क्लायंट ‘सिन’ पाठवतो, सर्व्हर ‘सिन-अ‍ॅक’ने उत्तर देतो, क्लायंट ‘अ‍ॅक’ म्हणतो. क्लायंटकडे बसून पकडत असाल तर ‘सिन’ ते ‘सिन-अ‍ॅक’ हा वेळ म्हणजे एका खेपेचा, जाऊन-येऊन लागणारा वेळ. यात सर्व्हरला डोकं चालवायचं नसतं, त्यामुळे हा आकडा बऱ्यापैकी शुद्ध असतो. वायरशार्क तो स्वतःच काढतो आणि टीसीपीच्या तपशिलात ‘आयआरटीटी’ नावाने दाखवतो. सर्व्हरवर पकडत असाल तर तोच वेळ ‘सिन-अ‍ॅक’ आणि ‘अ‍ॅक’च्या मध्ये शोधा.

हा आकडा योग्य आहे का, ते भूगोलाला विचारा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १००० किलोमीटरला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मुंबई-सिंगापूर सरळ अंतर ३९०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३९ मिलिसेकंदांच्या खाली कोणी येऊच शकत नाही. मुंबई-न्यूयॉर्क साडेबारा हजार, म्हणजे १२५. समुद्राखालच्या केबल सरळ जात नाहीत, त्यामुळे खरा आकडा नेहमी जास्त. प्लॅन १००० एमबीपीएसचा घेतला तरी हे अंतर कमी होत नाही. रस्ता आठपदरी केला म्हणून कोल्हापूर पुण्याच्या जवळ येत नाही.

उलटही बघा. सर्व्हर अमेरिकेत आहे म्हणतात आणि खेप २ मिलिसेकंदांची दिसतेय? मग हात मिळवणारा सर्व्हर नाहीच. मध्ये प्रॉक्सी (मधला दलाल सर्व्हर), फायरवॉल किंवा जवळचं सीडीएन (साइटची प्रत जवळ ठेवणारी यंत्रणा) आहे, आणि तुम्ही मोजताय ते तिथपर्यंतचं अंतर.

खेपेचा आकडा का महत्त्वाचा, त्याचं एक उदाहरण. जुनी हिशोबाची सॉफ्टवेअर फार गप्पिष्ट असतात. एक स्क्रीन भरायला डेटाबेसला ४०० छोटे प्रश्न, एकामागून एक. सर्व्हर शेजारच्या खोलीत असताना खेप १ मिलिसेकंदाची, म्हणजे एकूण ०.४ सेकंद, कोणाला जाणवतही नाही. तोच डेटाबेस क्लाउडवर नेला आणि खेप ४० मिलिसेकंद झाली की ४०० गुणिले ४०, म्हणजे १६ सेकंद. लाइनचा वापर बघाल तर नगण्य. अशा ठिकाणी मोठा प्लॅन विकत घेणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं. कॅप्चरमध्ये हे ओळखणं सोपं आहे: छोटा प्रश्न, छोटं उत्तर, छोटा प्रश्न, छोटं उत्तर, अशी शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी एकसारखी रांग.

## पायरी ७ : गप्प कोण बसलं?

आता मुख्य तपास. क्लायंटवर पकडलेल्या एका संभाषणात मोठी शांतता शोधा आणि तिच्या आधीचं व नंतरचं पॅकेट बघा.

प्रश्न गेला. एका खेपेइतक्या वेळात सर्व्हरकडून रिकामा ‘अ‍ॅक’ आला, ‘मिळालं’ एवढंच सांगणारा. आणि मग ३ सेकंदांनी उत्तराचा पहिला तुकडा. इथे वाट मोकळी आहे, प्रश्न वेळेत पोचला आहे, सर्व्हर विचार करत बसला आहे. डेटाबेस बघा, इंडेक्स बघा, नेटवाल्याला सोडा.

प्रश्न गेला, ‘अ‍ॅक’सुद्धा आला नाही, काही वेळाने तोच प्रश्न पुन्हा गेला. इथे वाटेत काहीतरी हरवलं.

उत्तर पूर्ण आलं, आणि दोन सेकंदांनी क्लायंटने पुढचा प्रश्न विचारला. इथे गप्प बसलेला क्लायंट आहे. अँटिव्हायरस, भरलेली मेमरी, जुनी हार्ड डिस्क, किंवा समोर बसलेला माणूस चहा पीत होता. कागदावरची नोंद इथे कामाला येते.

सर्व्हरचं उत्तर झटपट असेल तर रिकामा ‘अ‍ॅक’ वेगळा येतच नाही, उत्तराच्याच पाठीवर बसून येतो. तो दिसला नाही म्हणून बिथरू नका.

काही शांततांचे आकडेच ओळखीचे असतात. ५ सेकंद दिसले की आधी डीएनएस. नवीन कनेक्शन जुळायला नेमका १ सेकंद, किंवा ३, किंवा ७ लागत असतील तर ‘सिन’ हरवतोय: पहिली वाट साधारणपणे १ सेकंदाची, मग २, मग ४, अशी ती दुप्पट होत जाते. लिनक्सवर पुन्हा पुन्हा ४० मिलिसेकंद, किंवा जुन्या विंडोजवर २०० मिलिसेकंद दिसत असतील तर ‘अ‍ॅक’ मुद्दाम उशिरा पाठवण्याच्या सवयीचा आणि छोटी पॅकेट रोखून धरणाऱ्या नॅगल पद्धतीचा झगडा असतो. दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये करावी लागते. गोल, एकसारखा आकडा दिसला की तिथे कोणाचं तरी टाइमर आहे असं समजा. गर्दीमुळे होणारा उशीर कधी एकसारखा नसतो.

## पायरी ८ : गळती मोजा, आणि ती कुठे आहे ते ठरवा

डिस्प्ले फिल्टरमध्ये ‘टीसीपी डॉट अ‍ॅनालिसिस डॉट फ्लॅग्ज’ टाका. काळ्या-लाल ओळींची रांग लागेल आणि छातीत धस्स होईल. थांबा. चालत्या नेटवर्कमध्ये थोड्या अशा ओळी असतातच. रीट्रान्समिशन (पुन्हा पाठवलेली पॅकेट) एकूण पॅकेटांच्या किती टक्के, ते काढा. आणि तुमच्या पाच सेकंदांच्या शांततेच्या आसपास ती आहेत का, ते बघा. नसतील तर ती या तक्रारीची आरोपी नाहीत.

गळती किती महाग पडते हे अंतरावर ठरतं. जुन्या पद्धतीच्या टीसीपीसाठी १९९७ पासून वापरात असलेलं एक ढोबळ सूत्र आहे: पॅकेटमधला डेटा भागिले खेपेचा वेळ, गुणिले १.२२, भागिले गळतीच्या प्रमाणाचं वर्गमूळ. १४६० बाइट आणि हजारात एक पॅकेट गळती धरली, तर १० मिलिसेकंदांच्या खेपेवर सुमारे ४५ एमबीपीएस मिळतात, आणि २०० मिलिसेकंदांच्या खेपेवर जेमतेम सव्वादोन. नव्या यंत्रणा यापेक्षा बरं करतात, पण दिशा हीच. म्हणून ‘मुंबईच्या सर्व्हरवर स्पीड टेस्ट छान येते, परदेशातून डाउनलोड मात्र रडत येतं’ या तक्रारीत दोन्ही बाजू खरं बोलत असतात.

आता गळती कुठे? पॅकेट स्वीकारणाऱ्या बाजूला पकडत असाल आणि वायरशार्क ‘प्रीव्हियस सेगमेंट नॉट कॅप्चर्ड’ म्हणत असेल, मग तेच पॅकेट नंतर एकदाच आलं, तर ते तुमच्यापर्यंत पोचण्याआधी हरवलं होतं. पण मूळ पॅकेट आणि त्याची पुनरावृत्ती दोन्ही तुमच्याकडे दिसत असतील, तर पॅकेट पोचलं होतं. हरवला किंवा उशिरा गेला तो परतीचा ‘अ‍ॅक’. आणि समोरचा अशा पॅकेटला ‘अ‍ॅक’ देतोय जे तुमच्या फाईलमध्ये नाहीच, वायरशार्क ‘अ‍ॅक्ड अनसीन सेगमेंट’ म्हणतोय, तर नेटवर्क निर्दोष आहे. पॅकेट तुमच्या कॅप्चरमधून निसटलं.

दोन्ही टोकांना एकाच वेळी पकडलंत तर वाद संपतो. फक्त दोन मशीनची घड्याळं जुळतील असं धरून चालू नका. सिक्वेन्स नंबरवरून (टीसीपी पॅकेटवरच्या क्रमाच्या आकड्यावरून) एकच पॅकेट दोन्ही फाईलींत शोधा आणि तिथून वेळ मोजा.

## पायरी ९ : वाहतूक का भरत नाही?

मोठी फाईल उतरवताना लाइन १०० ची, गळती नाही, सर्व्हर मोकळा, तरी २.६ एमबीपीएसच मिळतात? मग विंडो बघा.

विंडो म्हणजे ‘माझ्याकडून पोच येईपर्यंत एवढे बाइट पाठव’ ही स्वीकारणाऱ्याने दिलेली उधारीची मर्यादा. टीसीपीच्या मूळ रचनेत ती जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट होती. २०० मिलिसेकंदांच्या खेपेवर तेवढ्या उधारीत सेकंदाला २.६ मेगाबिटच जातात, लाइन कितीही रुंद असो. १०० एमबीपीएस भरायचे तर एका वेळी २.५ एमबी वाटेत असायला हवेत. त्यासाठी ‘विंडो स्केलिंग’ची सोय १९९२ मध्येच आली, पण ती कनेक्शनच्या सुरुवातीला ‘सिन’ पॅकेटांतच ठरते. मधला एखादा जुना फायरवॉल तो पर्याय पुसून टाकत असेल तर दोन्ही मशीन नवी असूनही गाडी पहिल्या गिअरमध्येच राहते. क्लायंटच्या बाजूने पाठवलेला पर्याय सर्व्हरच्या बाजूला पोचला का, ते दोन्हीकडच्या ‘सिन’मध्ये पडताळा.

सुरुवातीची पॅकेट हुकली असतील तर वायरशार्कला हे प्रमाण कळत नाही आणि विंडो हास्यास्पद लहान दिसते. ती बघून लोक भलत्याच दुरुस्त्या करत सुटतात.

‘झीरो विंडो’ दिसली तर समजा स्वीकारणारा म्हणतोय, ‘पोट भरलं, थांब.’ त्याचं सॉफ्टवेअर डेटा उचलत नाही. हे नेटवर्कचं दुखणं नाही.

‘स्टॅटिस्टिक्स’मधल्या ‘टीसीपी स्ट्रीम ग्राफ्स’मध्ये टाइम-सीक्वेन्सचा आलेख काढा. एकसारखी तिरकी चढण म्हणजे छान. पायऱ्या-पायऱ्या म्हणजे विंडो भरतेय आणि पाठवणारा खेपेची वाट बघतोय. मध्येच आडवी सपाट रेघ म्हणजे शांतता, पायरी ७ कडे जा. आलेख रिकामा वाटला तर दिशा उलटी आहे, खालचं दिशा बदलायचं बटण दाबा.

‘आयओ ग्राफ्स’मध्ये अंतर मुळात १ सेकंदाचं असतं. ते १० मिलिसेकंदांवर आणा. सेकंदाच्या सरासरीत ३० एमबीपीएस दिसणारी लाइन प्रत्यक्षात क्षणभर काठोकाठ भरून पॅकेट सांडत असते, ते तेव्हाच दिसतं.

आणि १०० एमबीपीएसच्या तारेवर आयपर्फने ९४ दाखवले तर भांडायला जाऊ नका. तारेवर प्रत्येक पॅकेट १५३८ बाइटांची जागा घेतं, त्यात तुमचा डेटा बहुधा १४४८, भागाकार ९४.१ येतो.

## पायरी १० : दिसतं तसं नसतं

तुमच्या मशीनवरून निघणारी सगळी पॅकेट ‘चेकसम चुकीचा’ म्हणून लाल? चेकसम (पॅकेटमधली चूक पकडायचा आकडा) नेटवर्क कार्ड नंतर भरतं, कॅप्चर त्याआधी होतं. दुर्लक्ष करा.

१५१४ ऐवजी १५,००० किंवा ६०,००० बाइटांची पॅकेट? तेही कार्डाचंच काम. तारेवर जाताना ती कापली जातात. पॅकेटांची संख्या मोजायची असेल तर असं कॅप्चर उपयोगाचं नाही, स्विचच्या मिररवर पकडा.

वाय-फायवर गळती शून्य, तरी खेप कधी ५ तर कधी ३०० मिलिसेकंद? वाय-फाय हरवलेलं पॅकेट हवेतच पुन्हा पाठवतो, वर टीसीपीला पत्ता लागू देत नाही. गळती उशिराच्या वेशात येते. शक्य असेल तर तीच चाचणी केबल लावून करा. फरक पडला की निम्मा तपास संपला.

यूट्यूबचं संभाषण शोधताय आणि टीसीपीमध्ये ते सापडतच नाही? ते क्विक या दुसऱ्या पद्धतीवर असेल: टीसीपीऐवजी यूडीपी, पोर्ट ४४३. त्यात पोच आणि पुनरावृत्तीसुद्धा कूटबद्ध असतात, म्हणून वायरशार्कचे गळतीचे इशारे तिथे चालत नाहीत. तपासापुरतं ब्राउझरमध्ये क्विक बंद केलं की गाडी टीसीपीवर येते.

घरगुती फायबरवर छोटी पानं उघडतात पण मोठी अडकतात? पीपीपीओई (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड घालून जुळणारी जोडणी) असेल तर कमाल पॅकेट १५०० नव्हे, १४९२ चं असतं. ‘सिन’मधला एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा) १४५२ आहे का बघा. १४६० असेल आणि मोठी पॅकेट पुन्हा पुन्हा जात असतील तर राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (हा आकडा राउटरनेच कमी करायची सोय) सुरू करा.

## पायरी ११ : दुसऱ्याला पाठवताना

अख्खी फाईल कोणालाही पाठवू नका. ते एक संभाषण फिल्टर करा, ‘फाईल’ मेनूतून ‘एक्सपोर्ट स्पेसिफाइड पॅकेट्स’ निवडा आणि फक्त दिसणारी पॅकेट वेगळी साठवा. सोबत तीन ओळी: कुठे पकडलं, कधी, आणि कोणत्या क्रमांकाच्या पॅकेटनंतर किती सेकंदांची शांतता आहे. ‘तुमचं नेट खराब आहे’ या तक्रारीला नेटवाल्याचा कॉल सेंटर ‘राउटर बंद करून चालू करा’ म्हणतो. ‘पॅकेट २१४ पासून सर्व्हरचा अ‍ॅक १.२ सेकंद आला नाही, दोन्ही टोकांची फाईल जोडली आहे’ असं लिहिलं की फोन वरच्या माणसाकडे जातो.

भोसरीला मी एवढंही केलं नव्हतं. डीएनएसचा पत्ता बदलला, बिल सेव्ह केलं, अर्ध्या सेकंदात स्क्रीन आली. मालकांनी पहिला प्रश्न विचारला, ‘मग आता प्लॅन परत ५० चा करू का?’ आम्ही केला.